धरणावरची नारळी पौर्णिमा

आमच्या बीडमध्ये नळाला पाणी कधी येईल, हे नळालाही ठाऊक नसतं. अशा गावात जन्म काढलेल्या, पाण्याच्या मोटारी आणि पाइप विकून पोट भरणाऱ्या माझ्यासारख्या माणसाच्या मागे समुद्र हात धुऊन का लागावा, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. लग्नाआधी मी समुद्र फक्त कॅलेंडरवर पाहिला होता. लग्नानंतर तो घरात राहायलाच आला.

बायको बंदराच्या गावची. त्या गावाला नकाशात नाव आहे, पण आमच्या घरात त्याला नुसतं ‘बंदर’ म्हणतात, जणू देशात दुसरं बंदरच नाही. ती शिक्षिका म्हणून बीडला आली, शाळेच्या टाकीचा पाइप गळतो म्हणून भांडायला माझ्या दुकानात आली, आणि पुढे व्हायचं ते झालं. आम्ही पक्के शाकाहारी, कपाळाला भस्म लावून शटर उघडणारे दुकानदार लोक. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, लग्नाआधी तिला एकच विचारलं, “मासळी सोडशील का, माय?”

ती म्हणाली, “मासे सोडीन. समुद्र सोडणार नाही.”

आण्णांना वाटलं, समुद्र काय घरात शिजवायचा थोडाच आहे! त्यांनी होकार दिला. त्या होकाराची फळं मी आजतागायत भोगतो आहे.

आमच्या फ्रिजवर भरती-ओहोटीचं वेळापत्रक चिकटवलेलं असतं. बीडमध्ये! पाहुणे विचारतात, हे काय, तर मी सांगतो, लाइट जाण्याच्या वेळा आहेत. वारा सुटला की सगळं गाव म्हणतं धूळ येतेय, दारं लावा. ही म्हणते, वारा फिरला, आता होड्या परत येतील. कुठून येतील? मांजरसुंब्याहून? पण हे बोलायची सोय नाही. बोललं की दोन दिवस वरणात मीठ पडत नाही.

एकटी असती तरी मी निभावून नेलं असतं. पण बीडमध्ये बंदराकडची मूठभर घरं निघाली. कुणी बँकेत, कुणी पाटबंधारे खात्यात, कुणी क्लासमध्ये गणित शिकवणारा. बदलीवर आले आणि इथेच रुतले. त्यांचं मंडळ झालं. अध्यक्ष झाल्या सिस्टरबाई, म्हणजे सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या मुख्य परिचारिका. या बाईंनी आयुष्यभर पेशंटला आणि डॉक्टरला एकाच आवाजात दम दिलेला. त्यांच्यापुढे मी कोण?

पूर्वी हे मंडळ दरवर्षी नारळी पौर्णिमेला कुणाच्या तरी गच्चीवर नारळीभात करायचं आणि गाणी म्हणून घरी जायचं. माझी तक्रार नव्हती. भात चांगला व्हायचा. पण मध्यंतरी तिकडे बंदरावर महोत्सव सुरू झाला. आपला सागरी वारसा म्हणे लोकांना कळला पाहिजे. सजवलेल्या होड्यांची मिरवणूक, वल्हवायच्या शर्यती, जुन्या फोटोंचं प्रदर्शन, दीपगृह बघायला रांगा, म्हातारे खलाशी खुर्चीत बसून गोष्टी सांगताहेत, असं सगळं फोनवर यायला लागलं. मंडळाच्या बायका ते बघून डोळे पुसायच्या. आणि एके दिवशी सिस्टरबाई आमच्या बैठकीच्या खोलीत, माझ्या खुर्चीत बसून म्हणाल्या, “आपण इथे का नाही करायचं?”

मी म्हणालो, “बाई, इथे समुद्र नाही.”

“धरण आहे ना! तुम्ही फक्त होडीचं बघा.”

‘फक्त’ हा शब्द ज्याने काढला तो मला भेटला तर बघून घेईन.

तेव्हापासून बिंदुसरेच्या धरणावर आमचा सागरी वारसा साजरा होतो. मांजरसुंब्याच्या रस्त्याला पालीजवळ हे धरण आहे. श्रावणात पाणी असलं तर असतं, नसलं तर लोक तळात गुरं चारतात. एका वर्षी आमची मिरवणूक गेली तेव्हा पाणी इतकं आत सरकलं होतं की अध्यक्षबाईंसकट सगळा वारसा चिखलात पोटरीपर्यंत गेला. चपला अजून तिथेच असतील.

यंदा पाणी बरं होतं, म्हणून उत्साहाला ऊत आला. ट्रॉलीवर लहानशी नाही, चांगली शिडाची होडी पाहिजे, असं ठरलं. आमच्या सुताराने जन्मात होडी पाहिलेली नाही. त्याला फोटो दाखवला. तो म्हणाला, “ह्ये तर उलटं छप्पर हाय.” आणि खरंच त्याने एक छप्पर बनवून उलटं केलं. डोलकाठीला लाकूड मिळेना. तेव्हा सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या, आणि माझ्या दुकानातला चार इंची पीव्हीसी पाइप होडीवर उभा राहिला. शीड म्हणून अडतीतली ताडपत्री. रंगवायला होडी मांजरसुंब्याला ट्रक रंगवणाऱ्याकडे नेली. त्याने मन लावून काम केलं. दोन्ही अंगांना मोर, पुढे कमळ, आणि मागे सवयीने लिहून टाकलं, ‘हॉर्न द्या’. सिस्टरबाईंचा पारा चढला. बायको मात्र पोट धरून हसली. जूनपासून ती तशी हसली नव्हती, म्हणून ते ‘हॉर्न द्या’ पुसायला मी कुणालाही हात लावू दिला नाही.

जूनमध्ये तिची आई गेली.

आता नारळाचं सांगायला हवं, कारण खरं प्रकरण तेच आहे. बायकोचे वडील मालवाहू गलबतावर खलाशी होते. पावसाळ्यात गलबतं बंद, आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की पुन्हा सुरू. तिच्या आईचा विहिरीकडे एक माड होता. त्याचा त्या वर्षीचा सगळ्यांत चांगला नारळ ती आषाढातच निवडायची आणि तांदळाच्या कणगीत पुरून ठेवायची. तो पौर्णिमेचा नारळ. घरात दुसरे नारळ चिक्कार असायचे. पोरं ते खायची, विकायची, त्यांनी खेळायची. याला मात्र हात लावायचा नाही. पौर्णिमेला त्याला सोनेरी कागद लावून आई स्वतः कमरेइतक्या पाण्यात जायची आणि अख्खा सोडायची. मग पाण्याकडे पाठ करायची आणि मागे न बघता घरी यायची. दिलेल्याकडे वळून बघायचं नाही, म्हणजे गेलेला माणूस परत येतो.

बायको सात-आठ वर्षांची असताना तिने तो नारळ कणगीतून काढून अंथरुणात लपवला. मला हवा, म्हणाली. आईने तिला बडवलं आणि म्हणाली, “हा तुझा नाही. हा त्याचा आहे.” त्याचा म्हणजे बापाचा, की समुद्राचा, हे तिला तेव्हा कळलं नाही. ही गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली आहे की मला झोपेत विचारली तरी सांगेन. दर श्रावणात ती ही गोष्ट सांगते आणि शेवटी म्हणते, “सगळ्यांत चांगला नारळ दरवर्षी त्या मेल्या समुद्रालाच.” चाळिशी उलटली तरी बाईचा राग काही गेलेला नाही. एका नारळासाठी!

वडील गेले, अगदी घरात, खाटेवर. तरी आईचा नेम सुटला नाही. बायकोने फोनवर विचारलं, आता कुणासाठी देतेस? आई म्हणाली, “तुझ्यासाठी. लांब गेलेलं माणूस ते लांब गेलेलं. तिथे पाणी असो नाहीतर नसो.” फोन ठेवून बायको मोरीत जाऊन कपडे धूत बसली. धुतलेलेच कपडे धूत होती.

यंदा आई गेल्यावर भावाने तो विहिरीकडचा माड तोडला. महोत्सवाला येणाऱ्या पाहुण्यांसाठी खोल्या काढल्यात, त्यांच्या गाड्या लावायला जागा पाहिजे. वारसा बघायला येणाऱ्यांच्या गाड्यांसाठी वारशाचं झाड तोडायचं! ही अक्कल कुठून येते, मला माहीत नाही. पण भावजयीने कणगी रिकामी केली तेव्हा तळाशी एक नारळ निघाला. यंदा आषाढाची वाट न बघता, अंथरुणाला खिळायच्या आधीच म्हातारीने तो पुरून ठेवला होता. भावाने तो इकडे पाठवला.

पाठवला म्हणजे कसा, तर ओळखीच्या ट्रकवाल्याकडे दिला, आणि ट्रकवाल्याने तो मांजरसुंब्याच्या एका ढाब्यावर ठेवला. मी आणायला गेलो तर ढाबेवाल्याने त्याला हळदकुंकू लावून गल्ल्यावरच्या देवापुढे बसवलेला. म्हणाला, “लांबून आलेला नारळ हाय शेठ, बरकत आली. ऱ्हाऊ द्या की.” त्याच्याशी हुज्जत घालून, वर दोन चहा पिऊन, मी तो नारळ सोडवून आणला. मांडीवर घेऊन आणला. पोरगं आणावं तसा.

बायकोने तो हातात घेतला, कानाशी हलवला, आतलं पाणी ऐकलं. मग म्हणाली, “हा मी पाण्याला देणार. आईचं राहिलेलं काम आहे.”

सिस्टरबाई म्हणाल्या, वर्षाच्या आत सण करावा का? ती म्हणाली, “सण तुम्ही करा. मला फक्त नारळ द्यायचाय.” आईने तिच्यासाठी इतकी वर्षं दिला; आता लांबच्या वाटेला आई लागलीय, तर हा एक नारळ आईसाठी नीट गेला पाहिजे. तो गेला की मी सुटले, असं मला एकट्याला म्हणाली. जूनपासून ती रडली नव्हती. शाळा, स्वयंपाक, वह्या तपासणं, सगळं अगदी वेळेवर. त्या वेळेवरपणाचीच मला भीती वाटायला लागली होती. म्हणून मंडळाने मानाचा नारळ यंदा तिच्या हातचा ठरवला, तेव्हा मी पहिल्यांदाच कुरकुर न करता ट्रॅक्टर सांगितला.

आता आमच्याकडे पौर्णिमा म्हणजे राखीची. माझ्या दोन्ही बहिणी, एक गेवराईहून, एक गावातलीच, सकाळपासून ओवाळायला ताट घेऊन बसलेल्या, आणि मी पाइपला ताडपत्री बांधतोय. थोरली म्हणाली, “लोकाची पौर्निमा राखीची, आमच्या दादाची पाइपाची.” राखी बांधून घेतली ती ट्रॅक्टरच्या पायरीवर उभं राहून.

आणि त्यात आण्णा निघाले. आजवर ते कधी आले नव्हते. पण सिस्टरबाईंनी बंदरावरच्या महोत्सवात बघितलेलं, ज्येष्ठांनी पाण्याच्या आठवणी सांगायच्या. आमच्या मंडळात सिस्टरबाई सोडल्या तर ज्येष्ठ कुणी उरलं नव्हतं, म्हणून त्यांनी आण्णांना गळ घातली. आण्णा पांढरी टोपी, ताजं भस्म, धुतलेलं उपरणं अशा थाटात ट्रॉलीत होडीच्या पुढे जाऊन बसले. मी म्हणालो, “आण्णा, ऊन लागेल.” ते म्हणाले, “कावून? जहाजात ऊन लागत न्हाई व्हय?”

मिरवणूक निघाली. पुढे बँड, मग ट्रॅक्टर, मग नऊवारी नेसलेल्या बंदरकर बायका, मागे मी मोटारसायकलवर, कारण काही तुटलं तर जोडायला कुणीतरी पाहिजे. कोपऱ्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा मोठा फ्लेक्स रस्ताभर कमानीला टांगलेला. आमची डोलकाठी सरळ त्यात. फ्लेक्सवरच्या माणसाच्या नाकातून पाइप आरपार. पाच-सहा जण धावून आले. “कोन बे तुमी? कशाची मिरवणूक?” बँकवाला साहेब पुढे होऊन सांगू लागला की आम्ही सागरी वारसा साजरा करतोय. ते एकमेकांकडे बघायला लागले. मी हात जोडले, नवीन फ्लेक्स कबूल केला, पाइप आडवा केला. होडी पुढे शीड लोळवत निघाली. बँडवाल्यांनी मधल्या वेळात वरातीचं गाणं सुरू केलं होतं. ते मग शेवटपर्यंत तेच वाजवत राहिले.

धरणावर पोचलो. काठावर ट्रॉली लावली, डोलकाठी पुन्हा उभी केली आणि ती सारखी कलते म्हणून मला ती धरायला उभं केलं. माझं सागरी कार्य एवढंच. सिस्टरबाईंचं प्रास्ताविक झालं. दर्यावर्दी परंपरा, पूर्वजांची साहसं. समोर श्रोते म्हणजे मंडळ, बँड, ट्रॅक्टरवाला, होडी बघायला आलेला रंगारी, पालीचे चार रिकामे लोक आणि थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळं टाकणारा एक मासेमार. तो जाळं सोडून आमच्याकडेच बघत बसला होता.

मग आण्णांच्या हातात माईक आला.

“आमच्या टायमाला,” आण्णा म्हणाले, “गोदावरीला पूल नव्हता. मामाच्या गावाला जायचं तर काईल. गुऱ्हाळातली ती गूळ शिजवायची मोठी कढई असती ना लोखंडाची, ती पान्यात सोडायची अन् आत बसायचं. लई गरगर फिरायची. आमी लग्नाचं वऱ्हाड घेऊन गेलतो. नवरदेव काइलीत चक्कर येऊन ओकला. तिकडं उतरलो तर सगळ्यांच्या धोतराला बुडाला गूळ चिकटलेला. मुंगळ्यासकट लग्न लागलं.”

मला वाटलं, आता संपलं. पूर्वजांच्या साहसानंतर गुळाची कढई! पण बंदरकर मंडळी जी हसली, ती हसतच राहिली. बायकोही हसली. आण्णांनी माईक देताना मान ताठ केली. गलबताच्या बरोबरीने काइलीला मान मिळाला होता.

आणि मग नारळ.

इथे एक गोष्ट सांगायला पाहिजे, नाहीतर आण्णांवर अन्याय होईल. आमच्याकडे पाणी शोधायला नारळ लागतो. बोअर कुठे घ्यायची ते बघणारा माणूस तळहातावर नारळ धरून शेतात फिरतो. नारळ उभा राहिला की तिथे पाणी. बोअरला पाणी लागलं की मी मोटार सोडतो आणि आण्णा नारळ फोडतात. देवापुढे ठेवला, देवाला पोचला, की उचलायचा, फोडायचा, आणि हजर असलेल्या प्रत्येकाच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवायचा. उरलेला नारळ ज्याचा त्याला परत. परसाद न घेता कुणी गेलं तर आण्णा त्याच्यामागे रस्त्यापर्यंत जातात. पाण्याला अख्खा नारळ देऊन मोकळ्या हातांनी घरी यायचं, हे त्यांच्या हिशेबात बसत नाही. आणि हे मला माहीत असून त्या क्षणी माझ्या डोक्यात आलं नाही, कारण डोक्यावर चार इंची पाइप होता.

बायको सोनेरी कागदातला नारळ घेऊन पाण्यात उतरली. गुडघ्याइतकी, मग कमरेइतकी. बराच वेळ नारळ हातातच होता. ओठ हलत होते. मग तिने हात खाली नेले आणि सोडला. नारळ एकदा बुडाला, वर आला, आणि हळूहळू आत जायला लागला. ती वळली. सगळ्या मंडळाने तिच्याबरोबर पाण्याकडे पाठ केली. सिस्टरबाईंनी गाणं धरलं. ती ओल्या साडीने काठावर येऊन, डोळे मिटून, पाण्याकडे पाठ करून उभी राहिली.

पाण्याकडे तोंड असलेले आम्ही दोघंच उरलो होतो. मी आणि आण्णा.

आण्णांनी क्षणभर वाट बघितली. देवाला पोचायला लागतो तेवढा वेळ दिला. मग उपरणं हलवून तराफ्यावरच्या माणसाला खूण केली. तो पठ्ठ्या जणू याचसाठी बसला होता. दोन हात मारले, नारळ उचलला, काठाला आणला. मी डोलकाठी धरून “आण्णा! आण्णा!” असं ओरडलो, पण वरातीच्या गाण्यात काय ऐकू येणार? काठी सोडली तर ती बायकांच्या डोक्यात पडेल. मी आयुष्यात इतका हतबल कधी झालो नव्हतो. आण्णांनी नारळ उपरण्याने पुसला, सोनेरी कागद नीट काढून घडी करून खिशात ठेवला, भस्माचं बोट लावलं, आणि धरणाच्या दगडावर एका दणक्यात फोडला.

त्या आवाजाने सगळे वळले. मागे वळून बघायचं नसतं, तरी वळले.

गाणं थांबलं. बँडही थांबला. आण्णा दोन हातांत दोन वाट्या घेऊन उभे, मनगटावरून पाणी गळतंय, आणि तोंडावर काम चोख केल्याचं समाधान.

सिस्टरबाईंचा आवाज फाटला. “अहो आण्णा, काय केलंत हे! पाण्याला दिलेलं परत घेतात का कुणी?”

“परत कुठं घेतलं?” आण्णा बुचकळ्यात पडले. “पोचला की देवाला. आता परसाद नको का?” मग सगळ्यांचे चेहरे बघून त्यांचा आवाज उतरला. “इहीनबाईच्या झाडाचा शेवटचा नारळ हाय म्हनं ह्यो. झाड बी ऱ्हायलं न्हाई. मंग असाच सडू देऊ व्हय पान्यात?”

मी डोळे मिटून घेतले. मला धरणात उडी मारावीशी वाटली. इतकी वर्षं या समुद्राचा वैताग सोसला, यंदा प्रथमच मनापासून वाटत होतं की एवढं एक तरी तिच्या मनासारखं व्हावं, आणि माझ्याच बापाने ते दगडावर आपटलं होतं. तिच्याकडे बघायचं धाडस होईना. ती आता ओरडेल, नाहीतर ओरडणार नाही आणि पुढचं वर्षभर सगळं वेळेवर करत राहील. दुसऱ्याचीच धास्ती जास्त होती.

आण्णा तिच्यापुढे गेले. खिशातल्या सुरीने खोबऱ्याचा मोठा तुकडा काढला.

“घे माय. पहिला मान तुझा. तुझ्या आईनं ठेवलेला हाय.”

ती त्या तुकड्याकडे बघत राहिली. साडीचं पाणी पायाशी साचत होतं. मग तिने तो घेतला आणि तोंडात टाकला. सावकाश चावला. आणि चावता चावता तिचा चेहरा वाकडा झाला, लहान पोराचा होतो तसा, आणि ती रडायला लागली. मोठ्याने, सगळ्यांसमोर. रडत होती आणि खात होती.

“मामा,” ती आण्णांना म्हणाली, “लहानपणापासून मागत होते मी हा.”

आण्णांना त्या गोष्टीतलं काही ठाऊक नव्हतं. ती गोष्ट ती दर श्रावणात मला सांगते, त्यांना नाही. पण ते मान हलवत उभे राहिले. थोड्या वेळाने सवयीने वळले आणि दुसऱ्या वाटीतले तुकडे काढायला लागले, कारण लोक ताटकळले होते. ट्रॅक्टरवाल्याने हात पुढे केला होता. रंगाऱ्याने, बँडवाल्यांनी, पालीच्या चार जणांनी केला होता. मासेमार पाण्यातून हात पुढे करून उभा होता. सिस्टरबाईंनीसुद्धा, इतकं बोलून, पदर सावरून हात पुढे केला होता. आणि मी. एका हाताने डोलकाठी धरून दुसरा पुढे केला होता.

“मामा, राहिलेला पण द्या,” बायको म्हणाली. तिने आण्णांच्या हातातल्या दोन्ही वाट्या काढून घेतल्या आणि ओल्या पदराखाली छातीशी धरल्या. “हा वाटायचा नाही. हा माझा आहे.”

आण्णांनी त्या सगळ्या पसरलेल्या हातांकडे बघितलं. जन्मात त्यांच्यापुढून कुणी रिकाम्या हाताने गेलं नव्हतं. मग त्यांनी सुरी मिटून खिशात घातली आणि माझा हात खाली केला.

“संपला परसाद,” ते म्हणाले. “चला, घरला चला.”